माफीचा साचा

माझ्या आईने तिच्या सख्ख्या बहिणीशी सात-आठ वर्षं अबोला धरला होता. तो कशावरून, हे मी ऑफिसात कुणाला सांगत नाही, कारण लोक आधी तोंड पाडतात आणि मग खो खो हसतात. गिझरवरून. हो, बाथरूममधला, पाणी तापवायचा. घर नाही, दागिने नाहीत, कुणाचं लग्न मोडलेलं नाही. नुसता गिझर.

झालं असं की आई आठवडाभर मावशीकडे राहायला गेली होती. मावशी आईपेक्षा मोठी, एकटी राहते, गाडीने चार-पाच तासांवर. आणि तिला ऐकू येत नाही. थोडंफार नाही, दाराची बेल कितीही वाजवली तरी कळत नाही. मोबाइलवरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. सगळा कारभार टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, मेलने. तर आई परत आली, बॅग अजून उघडायची होती, तेवढ्यात मावशीची मेल. विषय: गिझर. आत लिहिलेलं असं, की तू गेल्यापासून गिझर बंद पडलाय, तू काही केलंस का, माफ कर, घाईत लिहितेय, वायरमन दारात उभा आहे. बस्स, एवढंच. आईच्या डोक्यात तिडीक गेली. काही केलंस का म्हणजे काय? म्हणजे आपण आठवडाभर पाहुणचार घेतला आणि निघताना हिचा गिझर फोडून आलो? तिने एका बोटाने 'मी काही केलेलं नाही' असं उत्तर टाइप केलं, पाठवलं, आणि त्या दिवसापासून तोंड शिवून टाकलं.

मी तेव्हाच विचारलं होतं, तू रागावलीयस हे तिला सांगितलंस का? तर मलाच डोळे वटारले. म्हणाली, अबोला काय नोटीस देऊन धरतात का, ज्याचं त्याला समजायला हवं.

मग मावशीच्या मेल येत राहिल्या. दर दोन-चार आठवड्यांनी एक. आणि प्रत्येकीवर विषय तोच, गिझर. आई ती एवढी ओळ बघायची आणि तिचा तिळपापड व्हायचा. अजून गिझरच उगाळत बसलीय, म्हणायची. उघडून वाचायचं नाव नाही. शेवटी तिने बाबांच्या मागे लागून मेलबॉक्समध्ये एक वेगळा कप्पा करून घेतला, म्हणजे मावशीचं काहीही आलं की परस्पर तिकडे जाऊन पडावं आणि डोळ्यांना दिसूही नये. बाबांनी नोकरीभर जमिनीच्या हद्दी मोजून नकाशे काढले, त्यांना एवढं सहज जमलं. कप्पा करून दिला, 'मला यात ओढू नका' म्हणाले आणि पेपरमागे गेले. तेव्हापासून ते बहुतेक तिथेच आहेत.

मधल्या काळात माझ्या भावाला मुलगी झाली, घरात दोन-तीन लग्नं झाली. तिथे मावशी यायची, थेट आईच्या शेजारची खुर्ची पकडायची आणि जेवण संपेपर्यंत बोलत बसायची. आई समोर बघत मख्खासारखी. घरी आल्यावर आमच्या डोक्याशी कटकट, बघितलंस ना, किती कोडगी आहे, काही झालंच नाही असं वागते. मी आणि मावशीचा मुलगा, म्हणजे आमचा लांब्या, आम्ही आपापसात ठरवून टाकलं होतं की या दोघींचा विषय काढायचा नाही. तो परदेशात, मी इथे, वर्षातून चार वेळा बोलणार, त्यात कशाला ते झेंगट.

आणि सोमवारी लांब्याचाच फोन. तो मावशीला कायमची घेऊन जायला आला होता. घर विकलं, सामान बांधतोय, शनिवारचं विमान. म्हणाला, माझी आई सारखी विचारते, तुझी आई भेटायला येणार ना?

मी आईला सांगितलं. ती टेबल पुसत होती, ते पुसून झालं, तरी पुसतच राहिली. मंगळवारी तिने भाजी करपवली, बुधवारी बाबांच्या चहात मीठ घातलं आणि बाबा बिचारे ते प्याले. तिला जायचं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं की तिला जायचं होतं. पण माझी आई म्हणजे अशी बाई, की घराला आग लागली तरी आधी कुणी बोलावलं का ते बघेल आणि मग बाहेर पडेल.

गुरुवारी सकाळी तिने तोंड उघडलं. त्या सगळ्या मेलमध्ये मावशीने एकदा जरी माफी मागितली असेल, तर ती लगेच निघणार. नसेल, तर जन्मात तोंड बघणार नाही. मी म्हटलं, बरं, मग उघड आणि वाच. ते नाही. इतकी वर्षं वाचलं नाही आणि आता आपणहून वाचायचं, आणि आत गिझरशिवाय काही नसलं तर? मग मी वाचते म्हटलं. तेही नाही. बहिणीबहिणींचं आहे, तू कोण मध्ये तोंड घालणारी?

"मग कोण वाचणार?" मी विचारलं.

"तुझं ते मशीन वाचू दे," आई म्हणाली. "मशीनने वाचलेलं चालेल. ते काही कुणाकडे जाऊन बोलत नाही."

माझी नोकरी काय आहे, ते इथे सांगायला हवं. आमची कंपनी गाद्या विकते. गिऱ्हाइकांच्या ढिगाने मेल येतात, त्यातली कोण चिडलंय, कुणाला चुकीचा रंग गेलाय, कुणाची पाठ धरलीय, हे शोधून त्या त्या माणसाकडे पाठवणारे प्रोग्राम मी लिहिते. आई याला 'लोकांची पत्रं चोरून वाचायची नोकरी' म्हणते. इतकी वर्षं नावं ठेवली, आणि आता गरज पडल्यावर तीच नोकरी गोड झाली. मी तसं बोलूनही दाखवलं, पण तिने कानाडोळा केला.

मी रजा टाकली आणि बाबांचा लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. आईने आपली खुर्ची फिरवली आणि फ्रिजकडे तोंड करून बसली. मी बघत नाहीये, म्हणाली, तू फक्त हो किंवा नाही एवढंच सांगायचं.

या कामासाठी तयार लायब्ररी मिळते. म्हणजे कुण्या भल्या माणसाने अर्धं काम आधीच करून ठेवलेलं असतं, आपण ते उचलून आपल्या प्रोग्रामात जोडायचं. तिच्या हातात मेलचा अख्खा कप्पा द्यायचा आणि एक पॅटर्न द्यायचा, म्हणजे शब्दांचा साचा. 'माफ' दिसलं आणि त्याच्यामागे कर, करा, करशील यातलं काहीही आलं, की पकड. ती सगळ्या मेल धुंडाळते आणि कुठे काय सापडलं ते सांगते. हे मी आईच्या पाठीला समजावून सांगितलं.

पाठीला ते पटलं नाही. नुसतं माफ कर नको, म्हणाली, मनापासून मागितलेली हवी. मी म्हटलं, मशीनला मन दिसत नाही. मग 'मनापासून' हाही शब्द घाल. घातला. मग 'हात जोडते' घाल. मग 'मला रात्र रात्र झोप नाही' घाल. मी म्हटलं, अगं आई, ती माफी मागतेय की कबुलीजबाब देतेय? पेपरमागून बाबा म्हणाले, सॉरी घातलंस का? त्यावर आई कडाडली, सॉरी अजिबात चालणार नाही, सॉरी तर रस्त्यात धक्का लागला तरी म्हणतात. मी गुपचूप सॉरीही घातलं, क्षमा आणि दिलगीरही.

आधी साचा नीट चालतो की नाही, ते बघायला मी तो आईच्या सबंध मेलबॉक्सवर सोडला. आणि काय सांगू, माझ्या आईची माफी सगळ्या जगाने मागितली होती. विजेच्या कंपनीने वीज गेली म्हणून, फोनवाल्यांनी फोन बंद पडला म्हणून, विमानवाल्यांनी उशीर झाला म्हणून. दात बसवणाऱ्या डॉक्टरने तारीख बदलली म्हणून. चपलांच्या एका दुकानाने तर 'आम्ही मनापासून दिलगीर आहोत' असं इतक्यांदा लिहिलं होतं की मला त्यांच्या घरची काळजी वाटली. एका लबाडाने तुम्हाला लॉटरी लागलीय असं कळवताना, आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली होती. मी एकेक नाव सांगत गेले तशी आईची मान ताठ होत गेली.

"बघ," ती फ्रिजला म्हणाली. "चपलांच्या दुकानाला समजतं."

मग मी साचा मावशीच्या कप्प्यावर सोडला. दोन क्षणांत उत्तर आलं. सापडलं होतं. एका मेलमध्ये नाही, सगळ्यांत. एकूणएक मेलमध्ये मावशीने 'माफ कर' म्हटलं होतं.

मी 'हो' म्हटलं. आईने कितीदा ते विचारलं. मी म्हटलं, प्रत्येक वेळी.

आईचे खांदे हलायला लागले. बाहीने नाक पुसलं, उठली, आणि मी दगड आहे दगड, असं म्हणत आतल्या खोलीत गेली. आतून तिने बाबांना माळ्यावरची बॅग काढायला लावली. ताईने इतकी वर्षं पाया पडायचं आणि मी शिळेसारखी बसायचं, असं मोठमोठ्याने स्वतःलाच सुनावत होती. बाबा स्टुलावर चढले. चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं, असं वाटून मी हुश्श केलं.

पण धंद्याची सवय वाईट. मनात आलं, प्रत्येक मेलमध्ये माफी? असं तर आमची गाद्यांची कंपनीही करत नाही. म्हणून साच्यात नेमकं काय अडकलंय, एवढाच तुकडा काढून बघितला. सगळीकडे तेच वाक्य. 'माफ कर, घाईत लिहितेय, वायरमन दारात उभा आहे.' सात-आठ वर्षं एकच वायरमन एकाच दारात उभा.

मी कपाळावर हात मारून घेतला. आपण कुणाच्या मेलला उत्तर देतो तेव्हा जुनं सगळं खाली शेपटासारखं चिकटून जातं, आणि त्या ओळींच्या सुरुवातीला बाणासारखी खूण येते. मावशी प्रत्येक वेळी आईच्या त्या 'मी काही केलेलं नाही'ला उत्तर देत होती, म्हणून ती पहिली मेलही प्रत्येकीच्या शेपटात. आणि मी बाई इतक्या वर्षांच्या अनुभवाची, शेपूट कापायला विसरले. गाद्यांच्या मेलमध्ये हेच मी झोपेतही विसरत नाही.

गप्प बसायचा मोह झाला. बॅग खाली आली होती, आई मोजे कोंबत होती. पण तेवढ्यात तिने आतून सांगितलं, एखादी तरी वाचून दाखव, जी सगळ्यात छान असेल ती. आता काय दाखवणार, कप्पाळ? सांगावंच लागलं. मोजे हातात घेऊन ती बाहेर आली आणि पुन्हा फ्रिजसमोर बसली.

"म्हणजे एकदाच," ती म्हणाली. "आणि तीही घाईबद्दल."

मी शेपटं कापली, ती पहिली मेल वगळली आणि परत शोधलं. काही नाही. 'चुकलं' घातलं, 'वाईट वाटलं' घातलं, 'रागावू नकोस', 'समजून घे', सुचेल ते घातलं. शून्य. प्रत्येक वेळी मी 'नाही' म्हणत होते आणि प्रत्येक 'नाही'ला आईची पाठ थोडी थोडी वाकत होती. शेवटी तिने बाबांना बॅग परत वर ठेवायला सांगितलं. बाबांनी ती दाराशीच ठेवली आणि ऐकू न आल्यासारखं केलं.

आता मात्र माझं टाळकं सटकलं. आईवर तर सटकलंच, पण मावशीवरही. वर्षानुवर्षं लिहिते बाई, आणि एक साधा शब्द जड होतो? मग लिहिते तरी काय, गिझरची पोथी? बघूच, म्हणून मी साचा दिला 'गिझर'. वरचा विषय सोडून, शेपूट सोडून, फक्त तिने नवीन लिहिलेलं बघायचं. मला वाटलं, लॅपटॉपचा पडदा भरून जाईल. पण सापडली एकच मेल. त्या पहिलीनंतरची सगळ्यात जुनी, आईने तोंड शिवलं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. आईचा नियम गेला खड्ड्यात, मी ती मोठ्याने वाचली. 'गिझर सुरू झाला. आतली कॉइल जळाली होती, तुझा काही संबंध नव्हता. मी उगाच विचारलं. गुडघा जप.'

आईने हातातले मोजे मांडीवर ठेवले.

आईने विचारलं, मग पुढच्या सगळ्यांवर गिझर का लिहिलंय? मी सांगितलं की तिला नवीन मेल सुरू करता येत नसणार. तुझी जुनी मेल उघडते, उत्तराचं बटण दाबते आणि लिहिते. विषय आपोआप तोच राहतो. तिने तो बघितलाही नसेल.

"आणि मी बोलत नाही, त्याचं काय लिहिलंय?"

मी शोधलं. 'अबोला' शोधलं, 'रुसलीस' शोधलं, 'बोलत नाहीस' शोधलं. कुठेच काही नाही.

बाबांनी पेपर खाली केला. त्यांचा चेहरा मला त्या दिवशी पहिल्यांदाच पुरा दिसला. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिला माहीतच नसेल."

आईला हा अपमान माफी न मागण्यापेक्षा मोठा वाटला, हे मी शपथेवर सांगते. तिचं तोंड उघडलं ते मिटेना. माहीत नसेल म्हणजे? लग्नात तिच्या शेजारी बसून मी जेवणभर एक अक्षर बोलले नाही. मी म्हटलं, आई, तिला ऐकू येत नाही. पण ओठ तर दिसतात ना? मी म्हटलं, ती बोलायला लागली की समोरच्याच्या ओठांकडे बघते कधी? यावर बाबांच्या पेपरातून विचित्र आवाज यायला लागला. पेपर थरथरत होता. आईने एक नजर टाकली आणि बाबा खोकत खोकत गॅलरीत निघून गेले.

माझी आई, जिने बहिरीशी इतकी वर्षं अबोला पाळला, इतका कडक, इतका निष्ठेने, आणि जिच्यासाठी पाळला तिला पत्ता नाही. मलाही हसू फुटत होतं. मी ओठ चावून धरले.

मग ती बारीक आवाजात म्हणाली, लिहिते तरी काय गं मग? मी म्हटलं, आता तरी वाच. तिने मान हलवली. पण आता त्यात ताठा नव्हता. तिला भीती वाटत होती, आणि ती मला तिच्या मानेवरूनही कळत होती. म्हणून मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा साचा लिहिला. एकच खूण, प्रश्नचिन्ह. ज्या ओळीत प्रश्नचिन्ह आहे ती ओळ दाखव, बाकी काही दाखवू नकोस.

पडदा भरला. खाली सरकवलं, परत भरला.

'गुडघा कसा आहे? डॉक्टर काय म्हणाला? नातीला दात आले का? मी तुझ्यासाठी एक शाल घेतलीय, करडी चालेल ना? तुला टाइप करायचा कंटाळा येतो, माहीत आहे मला, पण वाचतेस ना? नात शाळेत रडते का? आपल्या शाळेतल्या त्या चित्रकलेच्या बाई आठवतात का, गेल्या त्या, तुला कळलं का? मी बाथरूममध्ये पडले, लांब्याने सांगितलं का तुला? नात आता अंधाराला घाबरत नाही ना?' मध्ये मध्ये, थोड्या थोड्या अंतराने, 'या वर्षी तरी येतेस का?' आणि सगळ्यात खाली, गेल्या आठवड्यातली, 'शनिवारच्या आत येशील का?'

आई कधी खुर्ची फिरवून माझ्या मागे येऊन उभी राहिली, मला समजलंही नाही. तिचा चष्मा कपाळावरच होता, तरी ती वाचत होती, एकेक ओळ, ओठ हलवत. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला तिचा राग आला, इतका राग आला की तिला मिठीच मारावीशी वाटली. ती दाराशी गेली आणि तिने बॅग उचलली.

गाडीत मात्र तोंड सुटलं. मला बजावलं, गिझर नाही, अबोला नाही, काही झालंच नव्हतं. ताईला सांगायचं की मी कामात होते. मी म्हटलं, सात-आठ वर्षं? कसल्या कामात, धरण बांधत होतीस? मग डोळ्यांचं दुखणं होतं म्हणू. मग आमचा मेलबॉक्स बिघडला होता म्हणू, तू कॉम्प्युटरवाली आहेस, तू सांग. मी सांगितलं की मी यातलं काही सांगणार नाही. मग ती रुसली, तासभर खिडकीबाहेर बघत बसली, आणि मला आयती शांतता मिळाली.

मावशीच्या दारात पोचलो तेव्हा दिवस कलत होता. मी सवयीप्रमाणे दार बडवायला हात उचलला, पण आईने आधीच बेल दाबली होती, आणि दार लगेच उघडलं. मावशी दारात. आधीपेक्षा बुटकी वाटली. आम्हाला बघून तिने मिठी वगैरे काही मारली नाही. सरळ बोलायलाच लागली, सकाळी सोडलेलं वाक्य पुढे चालू केल्यासारखी. लांब्या कुरियरवाल्याकडे गेलाय, खुर्च्या विकल्या, आता खोक्यांवर बसावं लागेल, त्या डाव्या खोक्यावर नको, त्यात काचा आहेत.

मग तिने कानामागचे केस बाजूला करून दाखवलं. लांब्याने आल्या आल्या तिला कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. आता शेजारणीचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू येतं, म्हणाली, आणि नळ किती गळतोय ते कालच कळलं. तिने चित्रकलेच्या त्या बाईंचं सांगितलं, विमानात पाय सुजतात का ते मला विचारलं. आणि बोलता बोलता मध्येच थांबली.

"आज गप्प का गं?" तिने आईला विचारलं.

आईने तोंड उघडलं. कामात होते, डोळे दुखत होते, मेलबॉक्स बिघडला होता, यातलं एकही बाहेर आलं नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि आवाज फुटत नव्हता. मावशीला वाटलं, यंत्र गेलं. तिने ते कानातून काढलं, तळहातावर दोनदा आपटलं, फुंकर मारली, परत बसवलं.

"हं. आता बोल."

"मी तुझ्यावर रुसले होते," आई म्हणाली.

"कधी?"

"तू गिझरचं लिहिलंस तेव्हापासून."

मावशीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काचांच्या खोक्यावरची चिकटपट्टी वाचत असल्यासारखं केलं. मग आईने सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. मेल उघडल्या नाहीत ते, वेगळा कप्पा करवला ते, लग्नात मुद्दाम बोलले नाही ते, आणि आज सकाळी मशीनला माफी शोधायला लावली तेसुद्धा. शेवटी तिने स्वतःच माफ कर म्हटलं. मावशी मध्ये एकदाही बोलली नाही. तिला बोलू न देता कुणी इतका वेळ बोललेलं मी कधी बघितलं नव्हतं. ती रागावेल असं मला वाटलं, आणि रागावायचा तिला पुरता हक्क होता.

"मग सांगायचं नाही का वेडे," मावशी म्हणाली. "मी आले असते समजूत काढायला."

"आता कशी येणार तू? परवा चाललीस."

मावशी एका खोक्यावर बसली, हातानेच गुडघे चोळले, खिडकीकडे बघितलं. पडदे काढून टाकलेले होते, समोरच्या इमारतीतले दिवे लागत होते. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, तो आवाज आम्हा तिघींनाही ऐकू आला.

"परवा ना?" ती म्हणाली. "मग आज आणि उद्या तर आहे. चल, रूस आता. मी काढते समजूत."

आईने तिच्याकडे बघितलं. सासूबाई झालेली, आजी झालेली बाई, नाक लाल, आणि तिने खरोखर पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मावशीने आपलं खोकं घासत घासत तिच्या पाठीपर्यंत नेलं आणि तिच्या वेणीला हात लावला. मी चहाचं भांडं शोधायला स्वयंपाकघरात गेले. ते कुठल्या खोक्यात बांधलंय ते विचारायला मी दोघींपैकी कुणालाच हाक मारली नाही.